"बॉडी छान आहे, पण सांगायचं काय होतं?" – बाबांच्या मागांवरच्या सोलोबद्दल

बाकीच्यांसाठी प्रश्न थोडक्यात सांगते. मुलगा २३ वर्षांचा, मूळचा इचलकरंजीचा, तीन वर्षं पुण्यात कंटेम्पररी शिकतोय. वडिलांचे चार साधे यंत्रमाग होते, मागच्या वर्षी ते भंगारात गेले. त्यावर यानं नऊ मिनिटांचा सोलो बसवला आणि दोन ठिकाणी केला. नाचताना याला दर वेळी रडू येतं, आणि बघणारे मात्र म्हणतात बॉडी छान आहे, कंट्रोल मस्त आहे, पण सांगायचं काय होतं? तर आता विचारतोय की चेहऱ्यावरचं एक्स्प्रेशन वाढवू का, मागे व्हॉइसओव्हर टाकू का, की गाणंच बदलू. आणि सगळ्यात शेवटी एका ओळीत, जाता जाता लिहिल्यासारखं: बाबांनी अजून पाहिलेलं नाही, दाखवू का.

मी पंचवीसेक वर्षं हेच करतेय, आधी कथक, मग कंटेम्पररी, आणि आता जास्त करून दुसऱ्यांच्या तालमीत कोपऱ्यात बसून नको ते बोलणं. तुला अरेतुरे करते, राग मानू नको, क्लासमधली सगळी पोरं तुझ्याच वयाची आहेत त्यामुळे तोंडाला तेच वळण पडलंय.

पहिलं म्हणजे तुझा व्हिडिओ मी पाहिलेला नाही, तू फक्त वर्णन लिहिलंयस, त्यामुळे माझं काही चुकत असेल तर सोडून दे. पण वर्णनात एक गोष्ट खटकली. तू लिहिलंयस की सुरुवातीला "वेदना", मग "संघर्ष", मग "कोसळणं", मग "स्वीकार". नऊ मिनिटांत चार भावना आणि माग एकही नाही. बाबाही नाहीत. म्हणजे स्टेजवर तू तुझं दुःख आणलंस, पण ते ज्याचं आहे ती वस्तू आणि तो माणूस दोघंही घरीच राहिले. बघणाऱ्याला एक तरुण मुलगा दिसतो, अंग चांगलं चालतं त्याचं, आणि त्याला काहीतरी फार लागलंय. काय ते कळायला मार्ग नाही, म्हणून मग बिचारे फ्लेक्सिबिलिटीचं कौतुक करून मोकळे होतात, त्यांनी तरी दुसरं काय बोलायचं. एक्स्प्रेशन दुप्पट केलंस तर त्यांना एवढंच कळेल की याला दुप्पट लागलंय.

ही चूक मी स्वतः केलीय आणि तुझ्यापेक्षा जास्त थाटात केलीय म्हणून सांगते. आईला अर्धांगवायूचा झटका आला त्यानंतर वर्षभरात मी एक सोलो बसवला, अकरा मिनिटांचा. उजवी बाजू गेली होती तिची, तर मी सगळं उजव्या बाजूनं कोसळण्यावर रचलं. चौदा वेळा पडायचे मी त्यात, चौदा, मोजून, आणि प्रत्येक पडणं वेगळं, कडेवर, गुडघ्यावर, पाठीवर सरकत, फार अभिमान होता मला त्या पडण्यांचा. शोला आईला व्हीलचेअरवर घेऊन गेलो. लोक उभे राहिले, टाळ्या वगैरे. घरी आल्यावर भावानं तिला विचारलं कसं वाटलं, तर ती म्हणाली, "मी एकदाच पडले होते. बाथरूममध्ये. ही किती पडते गं बाई." तेव्हा तिची जीभ जड झाली होती, एकेक शब्द ओढून काढत बोलायची, त्यामुळे ते वाक्य संपायलाच अर्धा मिनिट लागला आणि मला ते अर्धा मिनिट ऐकावं लागलं.

बरं, पडणं सोड. त्या वर्षभरात मी रोज डोळ्यांनी काय बघत होते? ती ब्लाऊजचे हूक एका हातानं लावायला शिकत होती. टेबलाच्या कडेवर पोट टेकवायची, कडेनं कापड दाबून धरायची आणि डाव्या हाताचं बोट हुकाखाली घालायची. पाच हुकांना वीस मिनिटं. मदत केलेली चालायची नाही. चौथा हूक नेहमी सुटायचा, कारण पाचवा लावताना कापड ओढलं जायचं. हे माझ्या त्या अकरा मिनिटांत कुठेच नव्हतं, कारण मला वाटायचं हे काय डान्समध्ये घालायचं, हे तर घरातलं. नंतर काही वर्षांनी फक्त त्या हुकांवर सहा मिनिटांचं काम केलं, एक टेबल, एक खुर्ची, एकदाही पडले नाही. त्याला टाळ्या कमी पडल्या, पण लोक नंतर येऊन आपापल्या घरच्या गोष्टी सांगायला लागले, माझे वडील असं करायचे, आमची काकू तसं करायची. माझ्या बॉडीबद्दल त्या दिवशी कोणी बोललं नाही.

आता तुझ्याकडे येते. मी विणकर नाही, पण बऱ्याच वर्षांपूर्वी एका कॉलेजच्या वर्कशॉपसाठी इचलकरंजीला आले होते तेव्हा एका मुलीनं हट्टानं तिच्या काकांच्या मागांच्या शेडमध्ये नेलं होतं. आत गेल्यावर पाच मिनिटं मला काही सुचलंच नाही, एवढा आवाज. तिथे माणसं बोलतात म्हणजे ओठ हलवतात आणि हात करतात, आणि समोरच्याला बरोबर कळतं. एक कामगार माझ्याकडे बघत, हसत, मागे हात नेऊन मागाच्या चौकटीवर तळवा टेकवून उभा होता, मला वाटलं टेकलाय, तर मध्येच तो वळला आणि सरळ त्या मागापाशी जाऊन तुटलेलं सूत धरलं. त्याला तळव्यातून कळलं की कानातून, मला आजतागायत माहीत नाही. तू या घरात वाढलास. माझ्याकडे अर्ध्या तासाची शेड आहे आणि तुझ्याकडे वीस वर्षांची, आणि तू स्टेजवर "वेदना" घेऊन गेलास, याचा मला जरा रागच आला, प्रेमानं म्हणतेय.

तर एक्स्प्रेशन, व्हॉइसओव्हर, गाणं हे तिन्ही प्रश्न महिनाभर बाजूला ठेव. आधी बाबांच्या हातांकडे बघ. मुलाखत घेऊ नको, "बाबा तुम्हाला काय वाटलं" असं तर अजिबात विचारू नको, आपल्याकडच्या बापाला हा प्रश्न विचारला की तो "काय वाटायचंय, चालायचंच" म्हणून पेपर वर करतो. त्यापेक्षा कामाचं विचार. धोटा (शटल) कसा धरायचा, त्यातली सुताची कांडी बदलताना कुठला हात आधी जातो, सूत तुटलं की गाठ कशी मारायची. शिकव म्हण. आणि माग गेल्यावर घरात काय बदललं ते नुसतं बघ: टीव्हीचा आवाज किती मोठा ठेवतात, शिफ्ट बदलायच्या वेळेला अजून जाग येते का, जेवताना मांडीवर बोटं हलतात का. या याद्या वहीत कर, भावना लिहू नको, फक्त क्रिया लिही. दोन दिवसांत तीस-चाळीस ओळी होतील. त्यातली एक उचल, फार तर दोन.

समजा तू गाठ उचललीस. मी मुद्दाम गाठच घेते कारण नवीन पोरं हमखास माग स्वतःच व्हायला बघतात, दोन हात ताणा म्हणजे उभे धागे, दोन हात बाणा म्हणजे आडवे, डावीकडून उजवीकडे धोटा गेला, उजवीकडून डावीकडे आला. ते शाळेच्या गॅदरिंगला ठीक आहे. बघणारा दहा सेकंदांत ओळखतो की हां माग दाखवतोय, आणि ओळखलं की त्याचं काम संपलं, पुढची आठ मिनिटं तो मोबाइलवर वेळ बघतो.

गाठ आधी खऱ्या सुतानं मार, शंभर वेळा, दोनशे वेळा, हाताला कळेपर्यंत. मग सूत काढून टाक. आता ते माइमसारखं दिसेल, खोटं, काही हरकत नाही, हा टप्पा सगळ्यांचाच येतो, घाबरून सोडू नको. आता बघ त्या गाठीत नेमकं काय काय होतंय. अंगठा खालून जातो, बोट वरून वळतं, दोन्ही टोकं ओढली जातात, आणि शेवटी गाठ बसली का ते बघायला एक छोटासा झटका. हे चार टप्पे तसेच ठेवायचे आणि जागा बदलायची. अंगठ्याऐवजी मनगट खालून जाऊ दे, मग कोपर, मग अख्खा हात. मग जमिनीवर जा, एक गुडघा खालून, दुसरा पाय वरून, ओढ पाठीच्या कण्यातून, आणि झटका कमरेत. आता तुझ्याकडे फ्लोअरवर्कची एक फ्रेज, म्हणजे हालचालींचं एक वाक्य, आहे जे बघून कोणी म्हणणार नाही की ही गाठ आहे, पण तिच्यात जोडणं, ओढणं, तपासणं हे तिन्ही आहे, आणि बघणाऱ्याच्या अंगाला ते लागतं, डोक्याला कळो न कळो. मग वेग बदल. अर्ध्या सेकंदाची गाठ वीस सेकंदांत कर. मग पळताना कर. वजन बदल, एकदा कापसासारखी, एकदा दगड ओढल्यासारखी. हालचालींचं शास्त्र मांडणारा लाबान वाचला असशील तर हे त्याचंच, वेळ, वजन, जागा, प्रवाह, फक्त मी त्याला आमच्या क्लासमध्ये "मसाला तोच, आच बदल" म्हणते.

तो शेवटचा झटका मात्र कुठल्याही रूपात सोडायचा नाही. लोकांना तीन-चार मिनिटांत त्याची सवय होते, म्हणजे फ्रेज संपत आली की त्यांचं अंगही किंचित झटक्याची वाट बघायला लागतं. मग एका ठिकाणी तू गाठ मारतोस, ओढतोस, झटका देतोस आणि पलीकडे सूतच नाही. काही अडवलंच नाही. ओढ लावलेलं अंग स्वतःच्याच जोरानं मागे जातं. आता पड. हे पडणं खरं आहे, कारण आता ते कशामुळे तरी झालंय. माझ्या चौदा पडण्यांना पलीकडे काहीच नव्हतं रे, मला पडायचं होतं म्हणून मी पडत होते. आणि तुझ्या वर्णनातलं "कोसळणं" मला त्यातलंच वाटतंय.

इथे थोडं पोथीतलं बोलते, कथकचे संस्कार, जात नाहीत. नाट्यशास्त्रातलं भरताचं रससूत्र आपण सगळे घोकतो, विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव यांच्या संयोगातून रसनिष्पत्ती. त्यात स्थायीभावाचं, म्हणजे शोकासारख्या मूळ भावनेचं, नाव नाही बघ. शोक हा शब्द त्या सूत्रात येत नाही. विद्वानांनी त्यावर शतकानुशतकं वाद घातलेत, ते त्यांच्याजवळ राहू देत, मी नाचणारी बाई म्हणून त्याचा सरळ अर्थ घेते: स्टेजवर ठेवायचं काय तर कारण ठेव, त्या कारणानं अंगात काय झालं ते ठेव, आणि मध्येमध्ये येऊन जाणारे बारीक भाव ठेव, चीड, आळस, लाज, एकदम आठवलेलं काहीतरी. शोक तू ठेवायचा नाही, तो समोरच्याकडे तयार होतो. तू सगळं उलट केलंस, शोक तयार करून ताटात वाढलास आणि बाकीचं स्वयंपाकघरात विसरलास.

चेहऱ्याचं आता. "यतो हस्तस्ततो दृष्टिः" तू ऐकलंच असशील, अभिनयदर्पणातलं, जिथे हात तिथे नजर, जिथे नजर तिथे मन. माझ्या गुरूंनी याच्यावर मला मार देण्याइतकं रागावलं होतं. पण तुझ्या कामात हे मोडून बघ असं मी सांगेन, आणि कारण शेडमध्येच आहे. ज्याचा हात तीस वर्षं बसलाय तो गाठ मारताना हाताकडे बघत नाही. नजर दुसऱ्या मागावर असते, कान तिसऱ्यावर. म्हणून पहिले पाच-सहा मिनिटं हात काय वाटेल ते करू देत, नजर तिकडे नेऊ नको. आणि सूत नसल्याचं कळतं त्या क्षणी, पहिल्यांदा, हाताकडे बघ. नुसतं बघ. भुवया नाही, ओठ नाही, पाणी तर अजिबात नाही. एखादा बाप आपल्या हाताकडे आयुष्यात पहिल्यांदा बघतोय एवढंच. हे एक्स्प्रेशन तुला पुरेल, आणि ते कमावायला तुला सहा मिनिटं न बघण्याची शिस्त लागेल, ती अवघड आहे, सवयीनं नजर जातेच.

गाणं. तू लिहिलंयस की पियानोचं काहीतरी आहे, इमोशनल. काढ. पियानो पहिल्या सुरालाच सांगतो की आता वाईट वाटून घ्या, आणि माणसं इतकी साधी नसतात, सांगितलं की उलट आखडतात. तुझ्याकडे त्याहून भारी गोष्ट आहे आणि ती तू वापरलेलीच नाहीस: माग चार होते. चार आवाज कर, सगळे अंगातून. टाचेचा एक, तळवा मांडीवर दुसरा, श्वासाचा तिसरा, जिभेचा टक् असा चौथा. साधा माग मिनिटाला शंभराच्या वर ठोके मारतो, तेवढं तुला झेपणार नाही, तिसरा किंवा चौथा ठोका धर, पण धरलास की सोडू नको, काऊंट पक्का हवा, इथे भावनेला जागा नाही. चारही आवाज एकमेकांत बसले की लोकांच्या कानाला शेड लागेल. आणि मग ते एकेक करून थांबव. पहिला थांबला की लोकांना कळणारही नाही. दुसऱ्याला कान टवकारतील. तिसरा गेला की श्वास तेवढा उरेल, आणि मग तोही. तुला कुठेही "माग विकले" म्हणावं लागणार नाही. त्या शांततेत तू किती सेकंद उभा राहू शकतोस ते बघ, नवीन पोरं तीन सेकंदांत घाबरतात, मी वीस सांगते, तालमीत चाळीस कर.

परत परत तेच केलं तर कंटाळा येणार नाही का, हा तुझा पुढचा प्रश्न असणार. येतो, जर दर वेळी सगळं तेच असेल तर. जर्मन कोरिओग्राफर पिना बाउशचं कॅफे म्युलर, १९७८ चं, व्हिडिओवर का होईना नक्की बघितलं असशील, नसेल तर बघ. त्यात एक जोडपं एकमेकांना घट्ट मिठी मारून उभं असतं. तिसरा माणूस येतो, त्यांचे हात सोडवतो, ओठांना ओठ लावून देतो, बाईला उचलून पुरुषाच्या हातांवर ठेवतो आणि जातो. पुरुषाचे हात धरतच नाहीत, बाई खाली पडते, तशीच उठून परत त्याला मिठी मारते. तो माणूस परत येतो, परत मांडून जातो. परत पडते. मग वेग वाढत जातो, वाढत जातो, आणि शेवटी तिसरा माणूस यायचाही थांबतो तरी ते दोघं स्वतःच ते सगळं करत राहतात. चेहऱ्यावर म्हणशील तर जवळजवळ काही नाही. पहिल्या वेळी हसू येतं, चौथ्या वेळी अस्वस्थ वाटतं, नंतर बघवत नाही. क्रिया तीच, बघणारा बदलत गेला. तुझ्या गाठीचं तसं होऊ शकतं.

एक सावधगिरी, आणि इथे मला नर्तकी-कोरिओग्राफर चंद्रलेखा आठवतात. महाराष्ट्रातच जन्मल्या, नाव कमावलं चेन्नईत. १९५२ साली त्यांचं अरंगेत्रम, म्हणजे भरतनाट्यमचं पहिलं जाहीर सादरीकरण, होतं, रायलसीमेच्या दुष्काळासाठी मदत म्हणून ठेवलेला कार्यक्रम, आणि स्टेजवर त्या यमुनेतल्या जलक्रीडेचा अभिनय करत होत्या. पाणी उडतंय, अंघोळ चाललीय, आणि नाचता नाचताच त्यांच्या मनात वर्तमानपत्रातले भेगाळलेल्या जमिनीचे फोटो आले. त्या विसंगतीनं त्यांना पुढे आयुष्यभर सोडलं नाही, नंतरच्या कामात त्यांनी सगळी सजावट खरवडूनच काढली. तुझ्या बाबतीत पाणी म्हणजे तुझी लांब लाईन, ते सुंदर एक्स्टेंशन. बारा तास उभा राहून कंबर गेलेल्या माणसावर काम करताना पाय कानापर्यंत नेलास तर पाय खोटं बोलतो. तुला येतं म्हणून करायचं नाही. हे सांगायला सोपं आहे, ज्यासाठी तीन वर्षं घाम गाळला तेच काढून टाकायला जिवावर येतं, मला माहितेय.

व्हॉइसओव्हरला माझा सरसकट विरोध नाही, अवलंबून आहे. जे अंग सांगू शकत नाही ते आवाजानं सांगावं. आकडा अंगाला सांगता येत नाही. माग कितीला घेतला होता, भंगारवाल्यानं किलोला काय भाव लावला, चार मिळून वजन किती भरलं. बाबांनी त्यांच्या आवाजात, हिशोब सांगितल्यासारखं, एवढं तीन ओळीत सांगितलं तर मला चालेल, आणि त्यात एकही विशेषण नको. पण तू स्वतः मागून "माझे बाबा... ते माग... तो आवाज..." असं कापऱ्या आवाजात बोलणार असशील तर नको, प्लीज नको, दर फेस्टिव्हलला अशा दोन तरी असतात. आणि बाबांचा आवाज वापरायचा असेल तर आधी त्यांना विचार, घरातल्या पैशाची गोष्ट चारचौघांत जाणार आहे, ती त्यांची आहे, तुझी नाही.

जागेवरही बरंच अवलंबून आहे. पुण्यातल्या सुदर्शन रंगमंचासारख्या छोट्या जागेत पहिल्या रांगेतल्या माणसाला तुझा अंगठा दिसतो, तिथे खरी, बोटांची गाठ चालेल, तिथूनच सुरू कर. बालगंधर्वला किंवा तुमच्याकडच्या घोरपडे नाट्यगृहात तीच गाठ चौथ्या रांगेपुढे मेली. मोठ्या स्टेजला सुरुवात पाठमोरी कर, खांद्यांपासून. म्हणजे एकच काम दोन मापांत तयार ठेवावं लागेल. लाइटचं फार डोक्यात घेऊ नको, बाजूनं दोन आले तरी बास, फक्त लाइटवरच्या त्या निळ्या जेलचा (रंगीत कागदाचा) मोह टाळ.

रडण्याबद्दल. तालमीत रडलास तर रड, चांगलंच आहे, साठलेलं निघतं. पण शोमध्ये दर वेळी रडू येतंय याचा अर्थ अजून ते काम झालेलं नाही, ते फक्त तुला होतंय. शिवाय साधी अंगाची गोष्ट आहे, रडताना श्वास वर छातीत अडकतो, पोटाचा आधार सुटतो, आणि त्याच वेळी तू जमिनीवर जातोयस, मग गुडघा आपटतो. तुझ्या क्लासला लाकडी फ्लोअर असेल, पण शो बहुतेक ठिकाणी लादीवर किंवा काँक्रीटवर सतरंजी टाकून होतात. माझा डावा गुडघा त्या चौदा पडण्यांची आठवण अजून काढतो, विशेषतः पावसाळ्यात. नी-पॅड घाल, पँटच्या आतून घाल, कोणाला कळत नाही. काऊंट आणि श्वास ठरवून ठेव, कुठे आत, कुठे बाहेर, फ्रेजमध्ये लिहून. मग रडू आलंच तरी अंग आपलं काम करत राहील.

आता शेवटची ओळ, जी तू सगळ्यात हळू आवाजात लिहिलीस. बाबांना दाखवू का. हे मी ठरवू शकत नाही, प्रत्येक घर वेगळं असतं, काहींना ते कौतुक वाटतं आणि काहींना आपली पडती बाजू पोरानं चव्हाट्यावर आणली असं. मी आईला न विचारता, न सांगता थेट नाट्यगृहात नेलं, तिकिटं काढलेल्या लोकांमध्ये बसवलं, आणि ती माझी सगळ्यात मोठी चूक होती, चौदा पडण्यांपेक्षा मोठी. तू तसं करू नको. आत्ताचं नऊ मिनिटांचं तर दाखवूच नको, त्यात त्यांना ओळखू येण्यासारखं काही नाहीये. त्याऐवजी सुट्टीत घरी जा आणि गाठ शिकव म्हण. शेड अजून तुमच्याकडे असेल, भाड्यानं गेली नसेल, तर तिथेच बसा. माग काढले तरी जमिनीवर त्यांच्या पायांचे बोल्ट, तेलाचे डाग राहिले असतील, त्या चार चौकोनांच्या मध्ये तालीम कर एकदा, ते दारात उभे राहून बघतील किंवा बघणार नाहीत. तू चुकीची गाठ मारलीस तर मात्र ते गप्प बसणार नाहीत याची मला खात्री आहे. हात पुढे करतील, "असं नाही रे" म्हणतील. तेवढं झालं की दाखवायचं का नाही हा प्रश्न बहुतेक मागे पडेल.

एकदा परत सांगते, कारण लांबलंय. पियानो काढ, चार आवाज बसव, एकच क्रिया घे, झटका सोडू नको, हाताकडे एकदाच बघ. दोन महिने तरी दे याला, डिसेंबरच्या फेस्टिव्हलची घाई असेल तर यंदा सोडून दे, तुझं वय पळून चाललेलं नाही.

आणि घरी जाऊन आलास की इथेच लिही, मला एक गोष्ट खरंच जाणून घ्यायचीय: तुझे बाबा गाठ मारताना सुताच्या टोकाला थुंकी लावतात, का कोरडीच मारतात? त्यावर तुझी पहिली हालचाल हातातून निघणार की तोंडाकडून, ते ठरेल.